कार्डावरची जात राहू दे, आधी जिन्यात काय झालं ते बोलूया

ताई,
आमच्याकडे चार वर्षांचा कुत्रा आहे, बंड्या. तीन महिन्यांचा असताना रस्त्याकडेला खोक्यात सापडला, आईबाप कोण काही माहीत नाही. डोकं रुंद, छाती भरलेली, केस आखूड, त्यामुळे पहिल्या लसीला डॉक्टरांनी नुसतं बघून कार्डावर 'पिटबुल क्रॉस' लिहिलं आणि तेच पुढे चालत राहिलं. आता दोन महिन्यांनी मिस्टरांची बदली होतेय आणि तिथे म्हणे काही जातींवर बंदी आहे, पिटबुल त्यात आहेच. ओळखीतले एकजण म्हणाले दुसऱ्या डॉक्टरकडून नवीन कार्ड करून घ्या, 'लॅब मिक्स' लिहा, कोण बघायला येतंय. बंड्या घरात अगदी गरीब आहे. एकदाच, सात-आठ महिन्यांपूर्वी, जिन्यात कुरिअरवाल्याच्या मनगटाला दात लागला होता, टाके वगैरे काही नाही, आम्ही माफी मागितली, तिथेच मिटलं. कार्ड बदलू का? की त्याला सासऱ्यांकडे ठेवून जावं? नऊ वर्षांचा मुलगा रोज विचारतो बंड्याला पोलीस नेतील का, मला उत्तर देता येत नाही.
– बंड्याची आई

अगं बंड्याच्या आई,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मी त्या जिन्यातल्या एका ओळीवर थांबले. तू ती मध्येच, घाईत, जाता जाता लिहिलीयस, पण मला विचारशील तर सगळ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्यावर येतेच, पण आधी कार्डाचं सांगून टाकते कारण तू त्याच्यावरच अडून बसलीयस.

खोटं कार्ड करू नकोस. चूक-बरोबर हा मुद्दा आहेच, पण त्याआधी हे समजून घे की त्या कार्डाचा उपयोगच होणार नाही. जिथे जातीवर बंदी आहे तिथे बहुतेक ठिकाणी अधिकारी कागद बघत नाही, कुत्रा बघतो. ब्रिटनमध्ये 1991 चा डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट आहे, त्यात पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो असे चार 'टाइप' आधीपासून आहेत आणि 2023 च्या शेवटी एक्सएल बुली हा मोठा, दणकट कुत्रा पाचवा म्हणून आला, 'जाती' असं मुद्दाम म्हटलेलं नाही, म्हणजे कुत्र्याची उंची, डोक्याचा आकार, छाती, जबडा हे त्या वर्णनाशी बऱ्यापैकी जुळलं तर तो त्या टाइपचा, मग आईबाप कोण होते, डीएनए काय म्हणतो, याने फरक पडत नाही. आणि कोर्टात गेलं तर तो त्या टाइपचा नाहीये हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. आता अशा ठिकाणी तू 'लॅब मिक्स'चं कार्ड दाखवलंस आणि समोर बंड्या उभा आहे रुंद डोक्याचा, तर काय होईल तूच विचार कर. उलट पुढे कधी काही झालंच तर 'यांना माहीत होतं, म्हणूनच कार्ड बदललं' असं म्हणायला समोरच्याला पुरावा मिळतो, विमा काढला असेल तर खोटी माहिती दिली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते, आणि ज्या डॉक्टरने लिहून दिलं त्याच्याही नोकरीधंद्यावर येतं.

पण हेही खरं की आत्ताच्या कार्डावर जे आहे ते पण कुठे खरंय? एका डॉक्टरने तीन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून अंदाज केला, एवढंच. नुसतं बघून जात ओळखण्यात अनुभवी माणसंही किती चुकतात याचा अमेरिकेत फ्लोरिडातल्या, बेवारस कुत्र्यांना ठेवतात अशा शेल्टरमध्ये अभ्यास झाला होता, 120 कुत्रे घेतले, तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यातले 62 पिटबुल टाइप म्हणून ओळखले आणि सगळ्या 120 चा डीएनए काढला तर तसे निघाले 25. म्हणून तू असं कर, त्याच जुन्या डॉक्टरांकडे किंवा आता जे बंड्याला बघतात त्यांच्याकडे जा आणि त्यांना सरळ सांग की जे आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहा: मिश्र, आईबाप अज्ञात, रंग अमुक, वजन अमुक, वय अंदाजे, आणि कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप असेल तर तिचा नंबर. हे सगळं खरं आहे आणि खरं असल्यामुळे कुठेही, कुणापुढेही तू न घाबरता बोलू शकतेस. 'पिटबुल क्रॉस' खोडून 'लॅब मिक्स' करणं म्हणजे एका अंदाजाच्या जागी एक थाप लिहिणं, आणि 'अज्ञात' लिहिणं म्हणजे प्रामाणिकपणा, दोन्ही एक नाहीत. फक्त अज्ञात लिहिलं म्हणजे सुटलो असं समजू नकोस हां, कायदा दिसण्यावर असेल तर बंड्या त्यात बसू शकतो आणि तशी तयारी ठेवावी लागेल.

आता तिथला कायदा. शहराचं नाव तू लिहिलं नाहीयेस, देश बदलतोय का तेही नाही, म्हणून तुला काय काय विचारायचं ते सांगते. 'म्हणे बंदी आहे' यावर एकही निर्णय घेऊ नकोस, कारण बंदी या एका शब्दाखाली लोक पाच वेगळ्या गोष्टी बोलत असतात. काही ठिकाणी कुत्रा बाहेरून आणायलाच बंदी असते, आधीपासून असलेले चालतात. जर्मनीत 2001 पासून पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर, आणि यांचे क्रॉससुद्धा, देशात आणता येत नाहीत, पण आतल्या प्रत्येक राज्याचे नियम मात्र वेगळे, लोअर सॅक्सनीत तर जातींची यादीच नाहीये. ऑस्ट्रेलियातही पिटबुल आयातीच्या बंदी यादीत आहे. त्यामुळे देश बदलत असशील तर हा प्रश्न सगळ्यात आधी, तिकीट काढायच्या पण आधी, कारण विमानतळावर अडकलेल्या कुत्र्यासाठी नंतर काही करणं फार अवघड होतं. शिवाय विमान कंपन्यांच्या स्वतःच्याही याद्या असतात, त्या वेगळ्या बघायच्या.

काही ठिकाणी पूर्ण बंदी नसते, परवाना असतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये 1989 पासून पिटबुलवर बंदी होती, नोव्हेंबर 2020 मध्ये लोकांनी मतदान करून ती उठवली आणि आता तिथे खास परवाना मिळतो, चिप, नसबंदी, रेबीजची लस आणि अडीअडचणीला संपर्क करता येईल अशा माणसांची नावं द्यावी लागतात, आणि 36 महिने काही तक्रार झाली नाही तर पुढे साध्या लायसन्सवर कुत्रा ठेवता येतो. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण त्यात माणसाला चांगलं वागून दाखवायची संधी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एक्सएल बुलीवर बंदी आली तेव्हा 31 डिसेंबर 2023 पासून विकणं, फुकट देणं, पैदास करणं, मझल म्हणजे तोंडाला बांधायची जाळी न घालता बाहेर नेणं बंद झालं, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट मिळाल्याचा दाखला नसेल तर बाळगणं हाच गुन्हा. अर्ज करायची तारीख ज्यांची चुकली त्यांच्यावर काय वेळ आली असेल, विचार करूनच पोटात गोळा येतो. म्हणून यादीत आहे का एवढं विचारून थांबू नकोस, सूट आहे का, अर्ज कुठे, शेवटची तारीख काय, आणि बाहेरून नव्याने येणाऱ्याला ती सूट लागू आहे का हे विचार, हे शेवटचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि वरचा कायदा खालच्याला मोडतो हेही लक्षात ठेव. फ्लोरिडात मायामी-डेड काउंटीची पिटबुलबंदी 1989 पासून होती, राज्याने 2023 मध्ये कायदा करून स्थानिक सरकारांना जातीवरून बंदी घालायचा अधिकारच काढून घेतला आणि ती बंदी गेली. भारतात 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं, 23 जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांची नसबंदी करा म्हणून, पिटबुल आणि रॉटवायलर दोन्ही त्यात होते, लोक घाबरले, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधित लोकांशी सल्लामसलत न करताच काढलं या कारणाने ते परिपत्रक रद्द केलं. तरीही त्या पत्राची फोटोकॉपी आजही फॉरवर्ड होत फिरते आणि लोक तोच कायदा समजतात. तुझ्या ओळखीच्यांनी ऐकलेलं नक्की काय आहे, चालू नियम, रद्द झालेला नियम, पालिकेचा ठराव, की नुसता बिल्डिंगचा करार, हे तुला त्या शहराच्या पालिकेच्या पशुविभागाकडून लेखी हवं. ईमेल पाठव, आणि उत्तर जपून ठेव. त्यात बंड्याचं वर्णन खरं दे. घर भाड्याने घेणार असाल तर घरमालकाची आणि विम्याची यादी वेगळी असू शकते, कायद्यात परवानगी असली तरी करारात नसेल तर तिथे राहता येत नाही, म्हणून करारावर सही करायच्या आधी कुत्र्याबद्दलचं वाक्य लिहून घे.

जातीवरच्या बंदीबद्दल माझं मत तुला अंदाज येईलच. नेदरलँड्सने 15 वर्षं पिटबुलबंदी चालवून 2008 मध्ये मागे घेतली, इटलीने 2009 मध्ये यादी काढून टाकून मालकावर जबाबदारी टाकली, कॅनडात ओन्टारियोने 2005 मध्ये बंदी आणली तर त्याच देशातलं कॅलगरी शहर जात बघतच नाही, वागणूक बघतं आणि मालकाला धरतं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 18,000 पेक्षा जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीने समजतो असं निघालं. मला जातीच्या याद्या अन्यायाच्या वाटतात. पण मी असं पण म्हणणार नाही की शरीर काहीच नसतं, कारण पाच किलोच्या कुत्र्याने चावणं आणि तीस किलोच्या, भक्कम जबड्याच्या कुत्र्याने चावणं यात ज्याला चावलं त्याच्यासाठी जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्या घरात मूल कुत्र्याच्या हल्ल्यात गेलंय त्या घराला जाऊन टक्केवारी सांगता येत नाही.

म्हणूनच आता जिना.

तू जातीच्या कायद्याला घाबरतेयस आणि मला भीती वाटतेय दुसऱ्याच कायद्याची, धोकादायक कुत्र्याच्या. तो जवळपास सगळीकडे आहे आणि त्याला जातीशी देणंघेणं नाही. पॉमेरेनियन असो नाहीतर बंड्या. ब्रिटनच्या त्याच कायद्यात तिसरं कलम आहे, कुठलाही कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला, म्हणजे चावलाच पाहिजे असंही नाही, चावेल अशी रास्त भीती वाटली तरी पुरे, आणि 2014 पासून ते स्वतःच्या घराच्या आतही लागू आहे. माणूस जखमी झाला तर मालकाला पाच वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत काही राज्यांत कुत्रा पहिल्यांदा चावला तर मालकाला आधी कल्पना होती का हे बघतात, आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तर ते पण बघत नाहीत, चावला की मालक जबाबदार.

'आधी कल्पना होती का', हे परत वाच. तुला आता कल्पना आहे. सात-आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तू मनापासून म्हणू शकत होतीस की आमचा बंड्या काही करत नाही, आता ते वाक्य तू कुणालाही म्हणू नकोस, पालिकेत नको, नव्या शेजाऱ्यांना नको आणि मुलाला तर अजिबात नको. हे मी अधिकाराने सांगतेय कारण मी स्वतः ते वाक्य म्हटलंय. आमच्याकडे एक कुत्री होती, अत्यंत लाडकी, दारात आलेल्या माणसावर गुरगुरायची आणि मी तिचा पट्टा धरून हसत 'काही करत नाही हो' म्हणायचे, आणि एक दिवस तिने पाहुण्यांच्या लहान मुलीच्या गालाला दात लावला. खूण राहिली. ती मुलगी आता मोठी आहे, अजूनही कुत्रा दिसला की रस्ता बदलते. गुरगुरणं म्हणजे कुत्री मला सांगत होती, आणि मी ऐकलं नाही, त्यामुळे ती चूक माझी होती, तिची नव्हती.

त्या कुरिअरवाल्याबद्दल तू लिहिलंस माफी मागितली, मिटलं. तुमच्याकडून मिटलं, पण त्याचं काय झालं, त्याने इंजेक्शन घेतलं का, ते पत्रात नाहीये. एक दिलासा देते, चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा जिवंत आणि धडधाकट राहिला तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नसतो, आणि बंड्या आठ महिन्यांनी ठणठणीत आहे. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. इथून पुढे कधीही, नुसतं खरचटलं तरी, जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्या माणसाला स्वतः डॉक्टरकडे न्यायचं, बंड्याच्या लसीचं कार्ड दाखवायचं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, आणि जे झालं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवायचं. लपवायचं नाही.

आता दोन महिन्यांत काय करता येईल. आधी बंड्याला डॉक्टरकडे नेऊन पूर्ण तपासणी, सांधे, कान, दात, कारण दुखणं असलं की गरीब कुत्रा पण अंगावर येतो. मग असा ट्रेनर शोध जो मारत नाही, शॉकचा पट्टा वापरत नाही, त्याला जिन्यातलं सगळं सांग, अरुंद जागा होती का, पट्टा ताणलेला होता का, त्या माणसाच्या हातात मोठं खोकं होतं का, बंड्याला मागे सरकायला जागा होती का, मला तर वाचतानाच तसं चित्र दिसलं की कोंडीत सापडलेला कुत्रा आणि वरून येणारा अनोळखी माणूस. त्याच्याकडून काम झाल्यावर लेखी अहवाल घे. नसबंदी झाली नसेल तर आत्ता करून घे, चिप बसव, नावावर नोंद कर, लस वेळेत, आणि तिसऱ्या माणसाला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा मिळत असेल तर काढ. ब्रिटनमध्ये सूट मागायला नेमकं हेच लागतं, नसबंदी, चिप, विमा, बाहेर पट्टा आणि मझल, तेव्हा नवीन शहराने काहीही मागितलं तरी तुझी फाईल तयार असेल. त्या फाईलमध्ये जिन्यातला प्रसंग पण लिही आणि त्यानंतर आम्ही काय काय केलं ते लिही. अर्जात 'पूर्वी चावला आहे का' असा रकाना असेल तर हो लिही. मला माहितीये हात थरथरेल, पण अधिकारी रोज 'आमचा काहीच करत नाही' वाचत असतात, आणि चूक मान्य करून पुढे वर्षभर काम केलेला मालक त्यांनाही वेगळा दिसतो.

याने परवाना मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही. कायदा अगदी कडक असेल, सूटच नसेल, तर बंड्याला तिथे नेऊ नकोस, चोरून तर मुळीच नको, कारण पकडला गेला तर जप्त होतो आणि काही ठिकाणी त्यापुढे त्याचा जीवच जातो. मग मिस्टरांनी पुढे जायचं आणि तू थोडे महिने मागे राहायचं, किंवा हद्दीबाहेरच्या, नियम वेगळा असलेल्या शेजारच्या पालिकेत घर बघायचं, असे मार्ग निघतात, त्यावर घरात आत्ताच बोला.

सासऱ्यांकडे ठेवायचं म्हणतेस तर त्यांना जिन्यातलं माहीत आहे का? नसेल तर आज सांग. कुत्रा ज्याच्या ताब्यात असतो त्याच्यावर जबाबदारी येते, आणि तीस किलोच्या कुत्र्याने झटका दिला तर त्यांच्या हाताला तो आवरतो का हे एकदा त्यांच्याबरोबर फिरायला जाऊन बघ. घराला कुंपण आहे का, दारावर कोण कोण येतं, आजूबाजूला लहान मुलं आहेत का. हे सगळं ऐकून ते मनापासून हो म्हणाले तर तो चांगला पर्याय आहे. त्यांना न सांगता ठेवलंस तर पुढचा कुरिअरवाला त्यांच्या दारात येईल.

आणि तुझा मुलगा. नऊ वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं, म्हणून 'काही होणार नाही रे' असं म्हणू नकोस. त्याला सांग की आपण नवीन गावातल्या लोकांना पत्र लिहून विचारलंय, अजून उत्तर यायचंय, आणि तोपर्यंत आपल्याला एक काम आहे. जाळीचं, टोपलीसारखं मझल आण, कापडी पट्टीचं नको, त्यात कुत्र्याला धापता येत नाही, पाणी पिता येत नाही. पहिले सात-आठ दिवस ते बंड्याला बांधायचंच नाही, मुलाने नुसतं हातात धरायचं, तू शेजारी बसायचं, आणि बंड्याने आपणहून आत नाक घातलं की त्याच्या आवडीचा खाऊ टोपलीतच द्यायचा. मग दोन सेकंद, मग दहा, मग बक्कल, मग घरातल्या घरात एक चक्कर. किती सेकंद झाले ते मुलाला वहीत लिहायला सांग. जिन्यात तो मझल घालून, आखूड पट्ट्यावर, तुझ्या बाजूने भिंतीकडून चालेल आणि समोरून माणूस आला की तुम्ही दोघं आधी थांबाल, हे निघायच्या आधी जमलं पाहिजे. पालिकेचं उत्तर आलं की मला कळव, त्यात कायद्याची भाषा किचकट असेल तर तो मजकूर जसाच्या तसा पाठव, आपण ओळ न ओळ बघू.

– तुझी ताई